कॉलेजात ऑनलाइन 'सर्जनशील लेखन' घ्यावं का? (शुक्रवारपर्यंत फॉर्म भरायचाय)

कळवा_स्लो | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, केमिस्ट्री. ओपन इलेक्टिव्हमध्ये आता दोनच विषयांच्या जागा उरल्यात : 'पर्सनल फायनान्स' आणि 'सर्जनशील लेखन : प्राथमिक ओळख'. दोन्ही २ क्रेडिटचे, ५० गुणांचे. लेखनाचा दुसऱ्या कॉलेजचा आहे, पूर्ण ऑनलाइन. आठवड्यातून एकदा संध्याकाळी दोन तास तास (हे वाक्य असंच होणार), बाकी सगळं पोर्टलवर. दर आठवड्याला काहीतरी लिहून टाकायचं आणि दुसऱ्या दोघांच्या लेखनावर अभिप्राय द्यायचा. बाकीच्या कॉलेजांची मुलंही आहेत, मुंबईबाहेरचीसुद्धा. शिकवणं इंग्रजीत, पण लिहायला मराठी चालेल असं माहितीपत्रकात आहे.

मी सातवीपासून वहीत लिहिते. कुणालाही दाखवलेलं नाही. आईला वही सापडली होती एकदा, तिला वाटलं उखाणे आहेत.

बाबा म्हणतात, "लिहायला काय शिकायचं? पहिलीत शिकलीस की." मैत्रिणी म्हणतात, फायनान्सवाले सर गुण हात सैल सोडून देतात. मला खरं विचारायचंय ते असं की, अनोळखी पोरांसमोर आपलं लिहिलेलं ठेवून काही उपयोग होतो का? की नुसती लाज? कोणी केलाय का असा कोर्स?

आंबोळी | सोमवार, रात्री १०.५२

रुमाल टाकून ठेवते. कुकर उतरवून येते.

दोन_रुपये_सुट्टे | सोमवार, रात्री ११.०५

फायनान्स घे. लेखक झालीस तरी लागेल. न झालीस तरी लागेल. मी दिवाळी अंकात चार वर्षं लिहिलंय, मानधनाचा चेक साधारण पुढच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाबरोबर येतो.

पाचर | सोमवार, रात्री ११.२०

चेक येतो?!

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ८.३०

मी केलाय. २०२१ मध्ये, टी.वाय.ला असताना. तेव्हा सगळंच ऑनलाइन होतं, त्यामुळे 'ऑनलाइन घ्यावा का' हा प्रश्नच नव्हता. सविस्तर सांगतो, कारण माझी लाज एकदाची निघून गेली ती कशी, ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

दुसऱ्या आठवड्याला 'एक माणूस, एक जागा, तीनशे शब्द' असं लिहायचं होतं. सामान्य प्रवाशांना लोकल बंद होती, आणि मला लोकलची इतकी आठवण यायची की मी लिहिलं : "८.१२च्या फास्टला डोंबिवलीत चढून तो खिडकीत बसला आणि बाहेर पाहत राहिला." पुढे अडीचशे शब्द त्याच्या मनात काय काय दाटून आलं ते. मला फार भारी वाटलं होतं. 'दाटून आलं' दोनदा होतं.

पोर्टलवर पहिला अभिप्राय आला बदलापूरच्या एका मुलीचा. दोन शब्दांचा. "कसा बसला?"

त्याखाली पंधरा जणांनी हसायच्या खुणा टाकल्या. मी तणतणत लिहिलं, ही काल्पनिका आहे. त्यावर सरांनी म्हटलं, नायक उडतो म्हणालास तरी चालेल, पण डोंबिवलीला सकाळी सव्वाआठला खिडकी मिळाली म्हणालास तर कशी ते सांगावं लागेल. पुढच्या आठवड्यात शोधून आण.

आता डोंबिवलीकरांना माहीतच आहे कशी मिळते. आधी डाऊन गाडीने कल्याणला जायचं, तीच किंवा दुसरी गाडी धरून परत यायचं. त्यासाठी पास कल्याणपासूनचा काढायचा आणि घरातून निदान अर्धा तास आधी निघायचं. हे लिहायला बसलो आणि पहिल्यांदाच मला प्रश्न पडला की हा माणूस रोज अर्धा तास झोप आणि वरचे पैसे देतो कशासाठी? खिडकीसाठी? मग घर डोळ्यांसमोर आलं. दोन खोल्या, सहा माणसं, टीव्ही कायम चालू. त्याला दिवसभरात एकटं बसायला मिळणारी जागा तेवढी एकच होती. 'दाटून आलं' कापून टाकलं. न सांगताच दाटलं.

ती माझी पहिली गोष्ट जिला सुरुवात आणि शेवट आहे. ती त्या बदलापूरकर मुलीच्या खोडसाळपणातून आली. हे वहीने कधी विचारलं नसतं.

वांगणी_वाया_कल्याण | मंगळवार, सकाळी ८.५५

लेख चांगला आहे पण तांत्रिक चूक. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल असेल तर कल्याणला जायची गरज नाही. फलाटाला लागतानाच, थांबायच्या आत, चढायचं.

कोपर_पूर्व | मंगळवार, सकाळी ९.०२

कुठल्या जमान्यात राहता? ती डोंबिवली लोकल दिव्यापासूनच बसून आलेल्या माणसांनी भरलेली असते. उतरत कोणीच नाही.

अर्नाळा | मंगळवार, सकाळी ९.१०

विरारला या आणि बोरिवलीला उतरून दाखवा. मग खिडकीबद्दल बोलू.

वांगणी_वाया_कल्याण | मंगळवार, सकाळी ९.१४

पश्चिमवाल्यांनी कष्टाच्या गोष्टी सांगू नयेत. तुमच्या गाड्या वेळेवर असतात.

दळण (संपादक मंडळ) | मंगळवार, सकाळी ९.४०

धागा लेखनाच्या कोर्सबद्दल आहे. लोकलचा धागा वेगळा आहे, आणि त्यात जागाही भरपूर आहे.

पाचर | मंगळवार, सकाळी ९.४१

खिडकीसुद्धा?

आंबोळी | मंगळवार, सकाळी ११.१५

आले. निळी_शाई, सुंदर लिहिलंय. पण कळवा_स्लो, सगळ्यांना असा वर्ग मिळतो असं समजू नकोस. माझा अनुभव अगदी उलटा. नोकरी लागल्यावर हौसेने एक ऑनलाइन कोर्स केला, कुणाचा ते सांगत नाही. सगळी व्याख्यानं आधीच रेकॉर्ड केलेली. बाई पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायच्या, तोही माझ्यापेक्षा हळू. मी दीडपट वेगाने ऐकायचे. आणि परीक्षा काय, तर चार पर्यायांतून एक निवडा! 'चंद्रासारखे मुख हे कशाचे उदाहरण आहे?' सर्जनशील लेखनाच्या कोर्सात मी एकूण लिहिलं किती, तर अ, ब, क, ड.

चर्चेच्या पानावर दर आठवड्याला दोन अभिप्राय सक्तीचे होते. एका पठ्ठ्याने पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना एकच वाक्य चिकटवलं : "तुमच्या प्रतिमा मनाला भिडल्या." माझ्या लेखनात प्रतिमा नव्हतीच, ते दुकानातल्या यादीच्या रूपात लिहिलं होतं. प्रमाणपत्र मात्र सोनेरी कडांचं आलं.

खडू_फळा | मंगळवार, दुपारी १.३०

मी हाच विषय शिकवते, उपनगरातल्या एका कॉलेजात, निम्मं ऑनलाइन आणि निम्मं वर्गात. म्हणून थोडं आतलं सांगते.

२ क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास. तेवढ्यात कुणी लेखक होत नाही, आणि आम्हीही तसा दावा करत नाही. ('प्राथमिक ओळख' हे शब्द आम्ही बचावासाठी घातलेले असतात.) एवढ्या वेळात दोन गोष्टी साधतात. मूल ठरल्या दिवशी लिहून देतं, आणि आपण लिहिलेलं दुसऱ्याला वेगळंच दिसतं हे त्याला एकदा तरी कळतं. ही दुसरी गोष्ट फार मोठी आहे.

पहिल्या आठवड्यातलं लेखन दर वर्षी तेच असतं. बर्फ पडतोय, कॅफेत एक मुलगी एकटी बसलीय, समोर कॉफी थंड होतेय. लेखक भांडुपचा. पात्रांची नावं ईथन आणि सोफिया. मी विचारते, बाळा, बर्फ कुठे पाहिलास? म्हणतो, मिस, फ्रीजरमध्ये. मग मी म्हणते, फ्रीजरवर लिही. एकाने खरंच लिहिलं. चाळीतला एकच फ्रीज, तीन बिऱ्हाडांचे बर्फाचे ट्रे, आणि कोणाचा ट्रे कोणी रिकामा करून परत न भरता ठेवला यावरून उन्हाळाभर चाललेलं शीतयुद्ध. वर्ग हसून हसून लोळला. तो मुलगा अकाउंटन्सीचा होता.

आणि शेवट! "...आणि आईने हाक मारली, मला जाग आली." आता माहितीपत्रकातच लिहिते, स्वप्नातून जाग आणू नये, गुण कापले जातील.

कळवा_स्लो, फॉर्म भरण्याआधी त्या कॉलेजच्या ऑफिसात नाही, थेट शिक्षकांना मेल टाकून विचार : अभिप्रायाचे गट किती जणांचे असतात? साठ जणांचं एकच पान असेल तर ते आंबोळीचं पान होईल, सहा-सातांचा गट असेल तर निळी_शाईचं. दुसरं, पुनर्लेखनाला गुण आहेत का? पहिल्या खर्ड्यालाच गुण देऊन मोकळे होत असतील तर तो कोर्स निबंधाचा. आणि मराठी लेखन वाचणारं कोणी आहे का, की 'चालेल' म्हणजे नुसतं 'अपलोड होईल'?

विळखा | मंगळवार, दुपारी ३.१०

मुळात लेखन शिकवता येतं या गृहीतकाशीच मी असहमत आहे. प्रतिभा उपजत असते. बाकी सगळा क्रेडिटचा बाजार. ओ.ई., व्ही.एस.सी., एस.ई.सी., ए.ई.सी., व्ही.ई.सी. : नवीन शैक्षणिक धोरणात मुलांना विषय कमी आणि आद्याक्षरं जास्त मिळतात.

खडू_फळा | मंगळवार, दुपारी ३.२५

आद्याक्षरांबद्दल पूर्ण सहमत. त्यातलं एक आम्हा शिक्षकांनाही परवापर्यंत उलगडत नव्हतं.

निळी_शाई | मंगळवार, दुपारी ३.४०

विळखा, अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे, आणि गंमत म्हणजे त्यांचीच भूमिका अशी की लेखन शिकवता येत नाही, लेखकाला उत्तेजन देता येतं. म्हणजे तुमच्याच बाजूचे आहेत. तरी वर्ग बंद केले नाहीत त्यांनी.

हळदीकुंकू_नको | मंगळवार, संध्याकाळी ५.००

हा युक्तिवाद मला कधीच कळला नाही. गाण्याला गुरू लागतो, गंडा बांधतात, वर्षानुवर्षं एकच राग घोटतात. चित्र काढायला जे.जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, १८५७ पासून, तिथे कोणी म्हणत नाही की चित्रकला उपजत असते, मॉडेल समोर बसवू नका. पुरणपोळीसुद्धा सासूच्या तीन पोळ्या फुटेपर्यंत येत नाही. फक्त लेखनच तेवढं आकाशातून पडतं!

विळखा | मंगळवार, संध्याकाळी ५.१२

पुरणपोळी आणि कविता एक नव्हेत.

हळदीकुंकू_नको | मंगळवार, संध्याकाळी ५.१३

बरोबर. पोळी फुटली की लगेच दिसतं.

आंबोळी | मंगळवार, संध्याकाळी ५.२०

+१००

चौथा_मजला | मंगळवार, रात्री ९.४५

मी गिरगावात राहतो, वय चौऱ्याहत्तर, टंकलेखनाच्या चुका नातू तपासतो आहे, राहिल्या तर त्याच्या.

आमच्या वेळी कोर्स नव्हते असं सगळे म्हणतात. होता की, टपालाने. फुलस्केपच्या एकाच बाजूला, समास सोडून कथा लिहायची, सोबत आपलाच पत्ता घातलेलं पाकीट आणि परतीची तिकिटं जोडायची. मग रोज दुपारी पोस्टमनच्या चपलांकडे कान. पाकीट फोडायची गरज नसे. बारीक आलं तर स्वीकारपत्र, जाड आलं तर साभार परत. माझी सगळी जाड आली.

पण १९७६ साली एका मासिकाकडून आलेल्या जाड पाकिटात छापील चिठ्ठीच्या पाठीवर हाताने तीन ओळी होत्या. माझ्या कथेत एक बाई पूर्ण वेळ स्वयंपाकघरात रडते. संपादकांनी विचारलं होतं, ही बाहेरच्या खोलीत का येत नाही? तिथे कोण बसलं आहे? मला ठाऊकच नव्हतं हो तिथे कोण बसलं आहे! मी तिला रडवण्यात दंग. चार वेळा कथा नव्याने लिहिली. चौथ्या वेळी बाहेर तिचा दीर हिशेबाची वही घेऊन बसलेला सापडला आणि मग तिला रडायची गरजच उरली नाही. कथा शेवटपर्यंत छापून आली नाही. मी बँकेत लागलो. परंतु त्या तीन ओळींचं शिक्षण मला पुढे कर्जाचे अर्ज वाचतानाही पुरलं. अर्जदार एक सांगतो, बाहेरच्या खोलीत दुसराच बसलेला असतो.

'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांची अशी ख्याती होती की ते नवख्या लेखकाकडूनही पुन्हा पुन्हा लिहून घेत. काही तरुण त्यावर चिडतही. ते मासिक १९८२ मध्ये बंद पडलं. तेव्हा या मुलीला कोणी 'बाहेरच्या खोलीत कोण आहे' असं विचारणारं भेटत असेल, तर ते पोर्टलवर भेटो नाहीतर पोस्टाने, तिने जावं.

निळी_शाई | मंगळवार, रात्री १०.००

काका, दंडवत. ती कथा इथे टाका ना.

चौथा_मजला | मंगळवार, रात्री १०.१५

माळ्यावर आहे. माळा सुनेच्या ताब्यात आहे.

हळदीकुंकू_नको | मंगळवार, रात्री १०.२०

बाहेरच्या खोलीत कोण बसलंय ते कळलं.

पाचर | बुधवार, सकाळी १०.०५

एक गंभीर गोष्ट (मीही करतो कधीकधी). आपण सगळे इथे वर्षानुवर्षं एकमेकांच्या कथांवर काय लिहितो? 'छान', 'आवडलं', 'पु.ले.शु.' (पुढील लेखनास शुभेच्छा). माझ्या पहिल्या कथेला बेचाळीस प्रतिसाद आले, त्यातले सदतीस पु.ले.शु. होते. मला वाटलं जमलं. त्याच जोरावर अकरा भागांची मालिका लिहिली. सातव्या भागात नायिकेचा मामा मेला होता आणि दहाव्यात तो लग्नात जेवायला बसलेला होता. कोणाच्याही लक्षात आलं नाही. म्हणजे कोणी वाचतच नव्हतं! त्यापेक्षा 'कसा बसला?' परवडलं.

आंबोळी | बुधवार, सकाळी १०.३०

माझ्या लक्षात आलं होतं. वाटलं दुसरा मामा असेल.

पाचर | बुधवार, सकाळी १०.३१

पु.ले.शु.

लाल_अधोरेखित | बुधवार, दुपारी १२.१०

मराठीत लिहिणार असशील तर दोन व्यवहारी सूचना, दोन्ही माझ्या अंगाशी आलेल्या.

माझी आजी मालवणची, लालबागला साठ वर्षं राहूनही मालवणीतच बोलायची. तिचा संवाद मी जसाच्या तसा लिहिला : "खंय चललंस? चाय पिऊन जा." स्पेलचेकने अख्खी आजी लाल केली. ते सोड, गटातल्या एका सहाध्यायीने प्रेमाने तिला शुद्ध करून दिलं : "कुठे निघालास? चहा घेऊन जा." एकदम दूरदर्शनवरच्या बातम्या देणारी आजी. मी घाबरून तीच आवृत्ती जमा केली. चूक केली. तू करू नकोस. अभिप्राय सगळे घ्यायचे, पाळायचे सगळे नाहीत. आणि त्याच गोष्टीत मी 'भोंगा झाला' असं लिहिलं होतं तर एका दिल्लीच्या मुलाने विचारलं, हॉर्न का? गिरणीचा भोंगा म्हणजे काय हे समजावायला मी दहा ओळी घातल्या, गोष्ट तिथेच बसली. बाईंनी त्या दहाच्या दहा काढल्या आणि म्हणाल्या, भोंग्यानंतर आजोबा काय करतात तेवढं लिही. आजोबा डबा उचलतात. कळलं की दिल्लीला.

दुसरी सूचना, गूगल डॉक्समध्येच लिही. सगळे खर्डे तारखेनिशी राहतात. आमच्या बॅचला एका मुलीचं अस्सल स्वतःचं लेखन तपासणी यंत्राने 'मशीनने लिहिलेलं' ठरवलं. तिने जुने खर्डे उघडून दाखवले, खाडाखोडीसकट, तेव्हा सुटली.

खडू_फळा | बुधवार, दुपारी १२.४०

यावर मी तरी त्या यंत्रावर विसंबत नाही. तास सुरू झाला की पहिली दहा मिनिटं कागदावर हाताने लिहायचं आणि लगेच फोटो टाकायचा. 'तुमच्या जिन्यात आत्ता कसला वास येतोय?' असलं काहीतरी. यंत्राला जिना नसतो.

दोन_रुपये_सुट्टे | बुधवार, दुपारी १.१५

क्रेडिटचं पण बघून घे गं. दुसऱ्या कॉलेजचा कोर्स आहे तर ते क्रेडिट तुझ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होणार ना, हे लेखी घे. आणि पुढे कधी हौस आली तर सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर फुकट शिकता येतं, परीक्षेचे तेवढे पैसे पडतात. यूजीसीच्या २०२१च्या नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घ्यायला कॉलेज परवानगी देऊ शकतं. म्हणजे आत्ता फायनान्स घे आणि लेखन तिथे कर. मी माझा मुद्दा सोडलेला नाही.

कळवा_स्लो | बुधवार, रात्री ११.३०

बापरे, एवढे प्रतिसाद! धन्स सगळ्यांना. चौथा_मजला काका, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण नंतर विचारत होते की तो दीर खरंच हिशेब करत होता का.

खडू_फळा मॅडम, मेल टाकला होता, उत्तर आलं. गट सात जणांचे, सत्रात दोनदा बदलतात. पुनर्लेखनाला २० गुण. मराठी वाचायला एक मॅडम आहेत. ज्याचं लेखन असेल त्याने दोन दिवस काहीही खुलासा करायचा नाही, गप्प बसून सगळ्यांचं ऐकायचं, असाही नियम आहे. मला तोच नियम सगळ्यात जास्त आवडला, कारण गप्प बसणं मला येतं.

आता नवीन भीती. लिहू कशावर? माझ्या आयुष्यात काहीच घडत नाही. कॉलेज, लोकल, घर. आणि लोकलवर तर लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या बायका आणि चौथी सीट, हे सगळ्यांनी लिहून झालंय.

निळी_शाई | बुधवार, रात्री ११.४५

कळव्याहून गाडीत शिरतेस कशी?

कळवा_स्लो | गुरुवार, सकाळी ७.०५

स्टेशनवरून नाही. सकाळी कळव्याला पाय ठेवायला जागा नसते, दारातल्या बायका हलतच नाहीत. आम्ही कारशेडला जातो, रिकाम्या गाड्या उभ्या असतात तिथे. ठाण्याहून सुटणारी लोकल तिथून बाहेर पडते ना, तिच्यात आधीच चढतो. तिथे फलाट नाही, खाली खडी. दार छातीच्या वर येतं. आधी पर्स वर, मग डब्याची पिशवी, मग माणूस. वर चढलेल्या दोघी हात देतात. एक काकू आहेत, साठीच्या जवळच्या, त्या कुणाचाच हात घेत नाहीत, दांडा धरून स्वतः चढतात आणि मग वळून सगळ्यांना ओढून घेतात. पावसात चपला हातात. गाडी हलली की मगच सगळ्या बोलायला लागतात, तोवर अगदी शांत. का ते मला माहीत नाही.

त्यात काय लिहायचं पण? रोजचंच आहे.

हळदीकुंकू_नको | गुरुवार, सकाळी ७.२०

...

आंबोळी | गुरुवार, सकाळी ७.२२

अगं ए मुली.

चौथा_मजला | गुरुवार, सकाळी ७.५०

त्या काकू हात का घेत नाहीत?

विळखा | गुरुवार, सकाळी ९.३०

ही उपजत आहे. माझा मुद्दा सिद्ध झाला.

खडू_फळा | गुरुवार, सकाळी ९.३५

निळी_शाईने विचारल्यावर सिद्ध झाला.

कळवा_स्लो | शुक्रवार, दुपारी ४.१०

भरला फॉर्म. लेखनाचा. दोन_रुपये_सुट्टे काका, सॉरी.

दोन_रुपये_सुट्टे | शुक्रवार, दुपारी ४.३०

भा.पो. (भावना पोचल्या). पीपीएफचं खातं तरी उघड.

*

कळवा_स्लो | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. पहिलं मोठं लेखन या आठवड्यात टाकलं, कारशेडचं. पाचशे शब्दांची मर्यादा होती, माझे नऊशे झाले होते. कापताना पर्स-पिशवी-माणूस ठेवलं आणि पाऊस काढला. पावसात फार सुंदर वाक्यं होती, त्याचं अजून वाईट वाटतंय.

गटात दोघी अमरावतीच्या आहेत, एक मुलगा पुण्याचा, बाकी इथलेच. दोन दिवस गप्प बसायचा नियम मी म्हटलं होतं मला सोपा जाईल. कसला सोपा! पुण्याच्या मुलाने विचारलं, या बायका स्टेशनवर रांगेत का उभ्या राहत नाहीत. मी मोबाइल उशीखाली ठेवून झोपले, नाहीतर उत्तर देऊन बसले असते. पण दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या मुलीनेच त्याला उत्तर दिलं आणि त्यांचं भांडण तीस प्रतिसाद चाललं. अमरावतीची एक म्हणाली की तिला कारशेड म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण हात न घेणाऱ्या काकू कळल्या, तिची आत्या तशीच आहे. मराठीच्या मॅडमनी समासात एकच लिहिलंय : "गाडी हलेपर्यंत शांत का?" काका, तुमचा प्रश्न आणि हा, दोन्ही एकच आहेत असं मला वाटायला लागलंय. गेले चार दिवस चढताना काकूंच्या जवळ उभी राहतेय. अजून विचारायचा धीर झाला नाही. काल त्यांनी मला ओढून घेतलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.

पुनर्लेखन पुढच्या रविवारपर्यंत द्यायचंय.

चौथा_मजला | रविवार, रात्री १०.४०

विचारू नकोस. बोटं लिही.

खडू_फळा | रविवार, रात्री १०.४५

पाऊस जपून ठेव, दुसऱ्या गोष्टीला लागेल.

वांगणी_वाया_कल्याण | रविवार, रात्री १०.५०

गोष्ट उत्तम असणार यात शंका नाही. पण गाडीची वेळ घातलीयेस का? किती वाजताची निघते कारशेडमधून?

कोपर_पूर्व | रविवार, रात्री १०.५२

वेळ सांगू नकोस!! उद्यापासून तिथेही गर्दी.

पाचर | रविवार, रात्री ११.००

आणि कळव्याचं नाव बदल गं गोष्टीत. रेल्वेचे आरपीएफवालेही वाचनमात्र असतात.